लॅसनच्या ज्वालामुखी परिसरात जुलैच्या सुरुवातीला तीन रात्री कॅम्पिंग करायचं आहे, त्यातली एक रात्र रानात. सोबत कुत्रा आहे. मुक्काम कुठे करावा?

आधी कुत्र्याचं बघा, कारण मुक्काम त्यावरच ठरेल. कॅलिफोर्नियातल्या लॅसन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कमध्ये कुत्र्याला कॅम्पग्राउंड, पार्किंग आणि गाडीरस्ता एवढीच मुभा आहे, तीही पट्ट्याने बांधून. पायवाटांवर आणि पार्कच्या विल्डरनेसमध्ये, म्हणजे राखीव रानात, त्याला नेता येत नाही. म्हणून रानातली रात्र पार्कच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या कॅरिबू विल्डरनेसमध्ये काढा. ते लॅसन नॅशनल फॉरेस्टच्या ताब्यात आहे. तिथे कुत्रा चालतो आणि मुक्कामाचा परवाना लागत नाही. मात्र नुसता गॅसचा स्टोव्ह पेटवायचा असला तरी कॅलिफोर्नियाचा मोफत कॅम्पफायर परवाना जवळ हवा. तिथल्या काही वाटा थेट पार्कात शिरतात. सीमा ओलांडली की नियम बदलतात: मुक्कामाला पार्कचा परवाना लागतो, लाकडाची शेकोटी चालत नाही आणि कुत्र्याला परत फिरावं लागतं. तेव्हा सीमा दाखवणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

उरलेल्या दोन रात्रींसाठी पार्कातलं मँझनिटा लेक कॅम्पग्राउंड घ्या. 179 जागा आहेत, दुकान आहे, अंघोळीची सोय आहे, आणि उंची साधारण 1,800 मीटर असल्याने बर्फ लवकर सरतं. समिट लेक कॅम्पग्राउंड लॅसन शिखराच्या वाटेला जवळ पडतं, पण जुलैच्या सुरुवातीला तिथले डास संध्याकाळी बाहेर बसू देत नाहीत. ब्यूट लेकही सुंदर आहे, पण नकाशावर जवळ दिसतं म्हणून फसू नका. पार्कच्या मुख्य रस्त्यावरून तिकडे गाडी जात नाही. बाहेर पडून हायवे 44 ने वळसा घालावा लागतो आणि शेवटचे सुमारे 10 किलोमीटर कच्चा रस्ता आहे.

मुख्य रस्ता 2,594 मीटरपर्यंत चढतो. जास्त बर्फाच्या वर्षी तो जुलै उजाडल्यावरच पूर्ण खुला होतो आणि बंपास हेल या वाफ आणि उकळत्या चिखलाच्या भागाची वाट त्याच्याही मागून. निघायच्या आदल्या दिवशी रस्त्याची स्थिती बघाच.

बंपास हेलमध्ये लाकडी फळ्यांची वाट सोडू नका. हे फक्त शिस्तीसाठी सांगत नाही. तिथली आम्लयुक्त वाफ खडकाची माती करून टाकते. वर वाळलेली, पांढरट, घट्ट वाटणारी पपडी आणि खाली उकळता चिखल. ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते त्या बंपासचा पाय अशाच पपडीतून आत गेला आणि शेवटी तो कापावा लागला. तिथल्या बिग बॉयलर या वाफ सोडणाऱ्या भोकातल्या वाफेचं तापमान 161 अंश सेल्सिअसपर्यंत मोजलं गेलं आहे. लहान मुलं असतील तर हात धरूनच चाला.

ब्यूट लेककडे गेलात तर सिंडर कोन ही ज्वालामुखीच्या खडीची शंकूसारखी टेकडी चढाच, पण सकाळी लवकर. शेवटचा चढ म्हणजे सुट्या, सच्छिद्र खडीचा ढीग. पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. काळी खडी उन्हात तापते, आणि सावली नाही, पाणीही नाही. माणशी दोन लिटर पाणी, घोट्यापर्यंतचे बूट आणि चालायच्या काठ्या घ्या. कुत्र्याला कॅम्पवर एकटं बांधून जाता येत नाही, म्हणून दोन गट करून आळीपाळीने चढा.

या परिसरात बऱ्याच ठिकाणी जमीन अशीच भुसभुशीत असते. दोन गोष्टी त्यातूनच येतात. एक, पाणी पटकन जमिनीत मुरतं, त्यामुळे नकाशावरचा बारीक ओढा प्रत्यक्षात कोरडा निघू शकतो. मुक्काम तळ्याजवळ ठेवा, पण काठापासून किमान 60 मीटर दूर, आणि पाणी गाळून किंवा उकळूनच प्या. दुसरं, तंबूच्या बारीक तारेच्या खुंट्या टिकत नाहीत. लांब, रुंद पात्याच्या खुंट्या न्या. त्याही हलल्या तर छोट्या पिशवीत खडी भरून तिला दोरी बांधा आणि पिशवी वीतभर खोल पुरा.

अन्न, टूथपेस्ट, कुत्र्याचं खाणं असं वासाचं सगळं कॅम्पग्राउंडवर अस्वल-पेटीत आणि रानात अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवा. तंबूत काहीही नको.

2021 च्या डिक्सी आगीत पार्कचा अर्ध्याहून जास्त भाग जळला. आगीचे पट्टे आजूबाजूच्या जंगलातही आहेत. जळलेली झाडं अजून उभी आहेत आणि वाऱ्यात अचानक पडतात. तंबू लावण्याआधी मान वर करून चारी बाजूंना बघा. वाळलेलं झाड जितकं उंच असेल, त्याच्या दीडपट तरी अंतर सोडा.