मीठ बघ गं जरा!

प्रश्न : ताई, आमटी चाखते तेव्हा मीठ अगदी परफेक्ट असतं आणि पानात वाढली की नवरा म्हणतो खारट झालीय, मुलगी म्हणते बरोबर आहे. चारचारदा चाखूनही हेच. आणि बटाटा टाकला की खारटपणा जातो हे खरं का? (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : अहो चारचारदा चाखता ना, तिथेच घोळ आहे. एकच चव लागोपाठ मिळत राहिली की जीभ तिला सरावते, म्हणजे पहिल्या वेळी जे कळतं ते खरं, तिसऱ्या वेळी तीच आमटी अळणी वाटायला लागते आणि आपण अजून एक चिमूट टाकतो. वर ती गॅसवर उकळतेय, पाणी वाफ होऊन चाललंय, मीठ मात्र आहे तिथेच, मग दहा मिनिटांनी खारट नाही होणार तर काय! उकळत्या आमटीचा चमचा तर तोंडात घालूच नका, चटका बसला की जीभ फक्त चटका बसला एवढंच सांगते, मीठबीठ काही नाही. आपल्या आज्या तळहातावर थेंब घेऊन चाटायच्या ते उष्टं होऊ नये म्हणून, पण त्या निमित्ताने थेंब निवायचाही. फक्त हात घामेजलेला किंवा आत्ताच लसूण सोललेला असेल तर त्या हाताचीच चव लागते. मी आपली एका छोट्या वाटीत चमचाभर घेते, फुंकर मारते, आधी घोटभर साधं पाणी पिते आणि मग आमटी तोंडभर फिरवते, कारण चव कळणाऱ्या पेशी जिभेवर सगळीकडे पसरल्यात, टाळ्यावर आणि घशातही थोड्या आहेत. हे एकदाच करायचं, गॅस बंद करायच्या जरा आधी.

आता नवरा आणि मुलगी यांचं भांडण. मिस्टर आमटी वाटीला तोंड लावून भुरकतात आणि मुलगी भातात कालवून खाते, असं आहे का बघा. असेल तर दोघंही खरं बोलतायत, भातात मीठ नसतं, तो कालवला की आमटी सौम्य होणारच. म्हणून मी आमटी दोन शितांसोबत चाखते.

बटाट्याचं म्हणाल तर तो मीठ वेचून वेचून शोषत नाही हो, खारट पाणीच शोषतो, उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. बिनमिठाची शिजलेली डाळ किंवा गरम पाणी वाढवा. गुळाचा खडा नाहीतर लिंबू पिळून थोडं झाकलं जातं, पण मीठ काही कमी होत नाही, घरात बीपीवाले कुणी असतील तर तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखत नाहीत. सासूबाई नुसत्या वासावरून मीठ ओळखतात, मला दरवर्षी गणपतीत धडकी भरते. (डोंबिवलीहून एक सूनबाई)

उत्तर : सासूबाईंचा मान ठेवून सांगते, मीठ हवेत उडून नाकापर्यंत येत नाही, त्यामुळे मिठाला वास नाही. त्यांची खरी खुबी वेगळीये. वर्षानुवर्षं तेच पातेलं, तोच मिठाचा चमचा आणि तीच बोटं, हाताला वजन कळतं. वासावरून त्यांना फोडणी जळली का, मसाला कच्चा राहिला का हे नक्की कळत असणार, ते शिकून घ्या. मिठासाठी मात्र वजनकाटा वापरा, लाजायचं काय त्यात. आधी रिकामं पातेलं मोजून ठेवा, मग एक किलो शिजलेल्या भाजीला साधारण 8 ते 10 ग्रॅम मीठ. चहाचा सपाट चमचा बारीक मीठ 5-6 ग्रॅमच्या आसपास भरतं, जाड मीठ त्याच चमच्यात कमी भरतं (इथेच बऱ्याच जणी फसतात). काकडीच्या कोशिंबिरीला मीठ अगदी पानं घेताना घाला, नाहीतर पाणी सुटून सगळी मजा जाते.

प्रश्न : कोविडनंतर माझी चव पूर्ण परत आलीच नाही. गोड, खारट कळतं पण वरणभात आणि बिर्याणी सारखीच लागते. (पुण्याहून एक काका)

उत्तर : काका, गोड-खारट कळतंय म्हणजे जीभ शाबूत दिसतेय, प्रश्न बहुतेक नाकाचा आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो, घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात जातो आणि वाटतं जिभेलाच कळलं. घरातल्या धडधाकट माणसाला नाक दाबून वेलदोड्याचे दाणे चावायला सांगा, नुसता कडवटपणा लागेल, नाक सोडलं की एकदम वेलची! बिर्याणीचं केशर, केवडा, पुदिना सगळं या मागच्या दाराने येतं.

आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, हे टाळू नका. आणि त्यांना वासाच्या व्यायामाबद्दल विचारा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास लोकांना दिवसातून दोनदा, 12 आठवडे घ्यायला लावले होते आणि काही जणांचं नाक सुधारलं. चारही गोष्टी आपल्याकडे सहज मिळतात. हुंगताना तो वास कसा होता हे आठवत बसायचं, मोबाईल बघत नाही. धीर मात्र लागतो, महिने जातात. तोवर जेवणात कुरकुरीत काहीतरी ठेवा, पापड, भाजलेले दाणे, नुसत्या मऊ जेवणाने आणखी कंटाळा येतो.

प्रश्न : लेकीच्या पुस्तकात जिभेचा नकाशा आहे, शेंड्याला गोड, मागे कडू. खरं का? (नागपूर)

उत्तर : नाही. शेंड्यावर मीठ ठेवून बघा, लागतंच की! 1901 साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाला कडांवर वगैरे अगदी बारीक फरक सापडले होते, 1942 मध्ये बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकातल्या आलेखाने ते भलतेच मोठे दिसले आणि नकाशा शाळेत जाऊन बसला. परीक्षेत काय लिहायचं ते मात्र लेकीच्या बाईंना विचारा, मार्क माझ्यामुळे जायला नकोत.

प्रश्न : तिखट ही चव आहे का नाही? ऑफिसात पैज लागलीय. (ठाणे)

उत्तर : कुणाच्या हिशेबाने? आयुर्वेदाच्या सहा रसांत तिखट आहे, पण तिथे त्याचं नाव कटु, आणि कडूला म्हणतात तिक्त. मराठीत कटुचं कडू झालं, त्यामुळे श्लोक वाचताना भले भले गडबडतात. शरीरशास्त्राच्या हिशेबाने तिखट ही चव नाहीच, ती आग आहे. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मिरची चेतवते, ज्या संशोधनातून हे उलगडलं त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. म्हणून तर ठेचा डोळ्याला लागला तरी झोंबतो, साखर डोळ्यात गेली म्हणून कुणाला गोड लागत नाही. आणि पाणी पिऊन आग जात नाही कारण मिरचीतलं ते झोंबणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, दूध प्या. पैज कशावर लागलीय ते कळवलंच नाहीत तुम्ही, मिसळ असेल तर निम्मी-निम्मी वाटून घ्या.