करार कायद्याची मूलतत्त्वं पक्की करायला सरांच्या नोट्स पुरतात का?

तुम्ही लिहिलंय की एलएलबीचं पहिलं वर्ष आहे, करार कायद्याची मूलतत्त्वं डोक्यात बसत नाहीत, आणि सरांच्या नोट्स पाठ केल्या तर भागेल का. पास होण्यापुरतं भागेल. ‘नोट्स’ हा शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं, म्हणून पुढचं सगळं लिहितेय.

पहिल्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेत आम्हाला दहा गुणांचं एक प्रॉब्लेम आलं होतं. अ बाहेरगावी असताना त्याच्या घराला आग लागते. शेजारी ब स्वतःहून धावतो, आग विझवतो, हात भाजून घेतो. अ परत आल्यावर म्हणतो, तुला पाच हजार देईन. मग देत नाही. ब दावा लावू शकतो का? मी लिहिलं, लावू शकतो, भारतीय करार कायद्याचं कलम २५(२). पेपर परत आला तेव्हा दोन गुण होते, तेही बहुतेक अक्षराचे. बाजूला लाल शाईत ‘पास्ट कन्सिडरेशन इज नो कन्सिडरेशन’, म्हणजे वचनाआधीच होऊन गेलेलं काम हे त्या वचनाचं प्रतिफल (मोबदला) नव्हे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने नोट्समधलं तेच वाक्य उतरवून ‘दावा चालणार नाही’ लिहिलं होतं. तिला आठ.

मी बेअर ॲक्ट, म्हणजे टीकाटिप्पणीशिवाय नुसत्या कायद्याचं पुस्तक, घेऊन स्टाफरूममध्ये गेले. पानात बोट घालूनच गेले होते, शोधण्यात वेळ जायला नको म्हणून. कलम २५ खालचं (क) उदाहरण सरांना वाचून दाखवलं: अ ला ब चं पाकीट सापडतं, तो ते ब ला देतो, ब त्याला पन्नास रुपये द्यायचं वचन देतो, हा करार आहे. त्याच्याच खालचं (ड): ब च्या तान्ह्या मुलाला अ सांभाळतो, ब खर्च द्यायचं वचन देतो, हाही करार आहे. १८७२ साली छापलेलं, अगदी शेंबड्या पोराला कळेल असं. सर म्हणाले, “इलस्ट्रेशन म्हणजे कायदा नव्हे, समजावं म्हणून दिलेलं असतं. तू जज झालीस की असं लिही.” स्टाफरूममधले बाकीचे हसले. मीही हसले, हे मला अजून खुपतं.

तेव्हा द्यायचं होतं ते उत्तर आता देते, वरातीमागून घोडं. उदाहरणं कलमाबरोबरच विधिमंडळाने संमत केलेली आहेत. कुणा गाईडवाल्याने मागाहून चिकटवलेली नाहीत. कलमाच्या स्पष्ट शब्दांना ती आकसवू शकत नाहीत की ताणू शकत नाहीत, हे मान्य. पण इथे ताणायचं काय होतं? २५(२) मध्येच म्हटलंय की ज्याने वचन देणाऱ्यासाठी आधीच स्वेच्छेने काही केलं आहे, त्याला पूर्ण किंवा अंशतः भरपाई देण्याचं वचन हा करार असतो. उदाहरण फक्त तेच दाखवतं.

मुळात ते लाल शाईतलं वाक्य इंग्लंडचं आहे. १८४२ च्या रोस्कोर्ला विरुद्ध थॉमसमध्ये घोडा आधी विकला गेला आणि ‘घोड्यात खोड नाही’ ही हमी नंतर दिली. विक्री होऊन गेली होती, नव्या हमीसाठी नवं काही दिलेलं नव्हतं, म्हणून हमी बांधील नाही. गंमत म्हणजे तिथेही हा नियम निखळ नाही. १६१५ च्या लॅम्पले विरुद्ध ब्रॅथवेटमध्ये ब्रॅथवेटच्या हातून खून झाला होता. त्याने लॅम्पलेला राजाकडून माफी मिळवून द्यायची विनंती केली, लॅम्पले त्यासाठी हिंडला, आणि त्यानंतर ब्रॅथवेटने शंभर पौंड कबूल केले. आधीच्या विनंतीवरून झालेलं काम होतं म्हणून वचन टिकलं. आपल्या कलम २(ड) ने तर प्रश्नच ठेवला नाही. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही ‘केलेलं आहे’, करतो आहे किंवा करण्याचं वचन देतो आहे, तिन्ही काळ तिथे आहेत. मुंबई उच्च न्यायालयानेही १८९५ मध्ये सिंधा श्री गणपतसिंगजी प्रकरणात एकाच्या इच्छेवरून तो अज्ञान (कायद्याने सज्ञान न झालेला) असताना सुरू झालेली आणि सज्ञान झाल्यावरही चालू राहिलेली सेवा पुढच्या वचनासाठी पुरेसं प्रतिफल मानली.

आता तुमचा मूळ प्रश्न. ऑफर, ॲक्सेप्टन्स वगैरे तुम्हाला येत असेलच. कलम २ च्या व्याख्या क्रमाने वाचा. प्रस्ताव स्वीकारला की वचन होतं, वचनं एकमेकांना प्रतिफल झाली की ॲग्रीमेंट, आणि ते कायद्याने अमलात आणता आलं की करार. मग कलम १० (ॲग्रीमेंटचा करार व्हायच्या अटी), आणि १० मधल्या प्रत्येक शब्दासाठी पुढे एकेक कलमांचा गठ्ठा आहे: सक्षमतेला ११ आणि १२, मुक्त संमतीला १३ ते २२, कायदेशीर उद्दिष्टाला २३ आणि २४. कायद्याचा सांगाडा एवढाच. केस पाठ करताना ती कुठल्या शब्दासाठी आहे ते समासात लिहा. मोहरी बीबी (१९०३) कलम ११ साठी, अज्ञानाचं ॲग्रीमेंट मुळातच शून्य. चिन्नया विरुद्ध रमय्या (१८८२) २(ड) मधल्या ‘किंवा अन्य कोणी व्यक्ती’ या शब्दांसाठी: प्रतिफल तिसऱ्याकडून आलं तरी चालतं. दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव (१८८०) त्याच व्याख्येतल्या ‘इच्छेवरून’ या एका शब्दासाठी: बाजार बांधला कलेक्टरच्या सांगण्यावरून, कमिशन कबूल केलं दुकानदारांनी, म्हणून दावा गेला. नोट्समध्ये या तिन्ही केस असतात, फक्त त्या कुठल्या शब्दाला टांगलेल्या आहेत हे नसतं.

कलम २५ तर प्रत्येक पोटकलमाची अट वेगळी म्हणून वाचा, कारण परीक्षक तिथेच पकडतात. (१) जवळच्या नात्यातल्या माया-प्रेमाचं वचन लेखी आणि नोंदणीकृत हवं. (३) मुदतबाह्य कर्जाचं वचन लेखी आणि सही केलेलं हवं. मधल्या (२) ला लेखी असण्याची अटच नाही. वकिली करताना मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं, “मॅडम, कागद नाही म्हणजे काहीच नाही ना?” तसं नसतं हो. तोंडी करारही करारच, अडचण असते ती पुराव्याची.

आता पदरचं कबूल करते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सुनावेलच. सरांचं वाक्य निम्मं बरोबर होतं. शेजाऱ्याने आग विझवली ती अ च्या सांगण्यावरून नव्हे, म्हणून २(ड) प्रमाणे ते प्रतिफल नाहीच. तिथे वचन टिकतं ते प्रतिफल आहे म्हणून नव्हे, तर प्रतिफल नसतानाही २५(२) ते वाचवतं म्हणून. माझ्या पेपरात हा फरक मी लिहिला नव्हता, थेट कलमावर उडी मारली होती. म्हणजे दहापैकी दहा माझे नव्हतेच. सात होते. पण ‘दावा चालणार नाही’ला आठ कसे? आणि तुमच्या परीक्षकाचा काही भरवसा नाही, तेव्हा आधी इंग्लिश नियम लिहा, मग ‘भारतात मात्र’ म्हणून कलम आणि उदाहरण टाका. मी तेव्हा हे केलं असतं तर आज इतकं लिहिलं नसतं. सर बाकी उत्तम शिकवायचे, फ्रस्ट्रेशनवरचं (करार पार पाडणं नंतर अशक्य होणं) कलम ५६ त्यांनी सत्यव्रत घोषवरून (१९५४) शिकवलं ते अजून कोर्टात कामी येतं.

ती आठ गुणवाली मैत्रीण आता स्वतः शिकवते, आणि तिच्या नोट्समध्ये ते वाक्य अजून आहे. गेल्या वर्षी आमच्या बॅचच्या ग्रुपवर मी कलम २५ च्या उदाहरण (क) चा फोटो टाकला, खाली काहीच लिहिलं नाही. ग्रुपवर सरही आहेत. मैत्रीण गप्प. सरांनी अंगठ्याचा इमोजी टाकला. कलम ७ म्हणतं स्वीकृती निरपेक्ष आणि बिनशर्त हवी. त्या अंगठ्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. कॅनडात सास्काचेवानच्या कोर्टाने २०२३ मध्ये अंगठा म्हणजे करार मान्य केल्याची खूण धरली होती, पण तो जवसाच्या खरेदीचा व्यवहार होता, आणि तिथे दोघांत आधीपासूनची देवाणघेवाण होती.