छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड ४३१००१ ही मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी १ असल्यामुळे तशी वाटते खरी, पण अंकांची बेरीज करून बघा: ४+३+१+०+०+१ = ९. म्हणजे ९ ने भाग गेलाच. भागाकार ४७८८९, त्याच्याही अंकांची बेरीज ३६, म्हणून परत ९ ने भाग. उरले ५३२१, म्हणजे १७ × ३१३. थोडक्यात ३⁴ × १७ × ३१३, एकूण विभाजक २०.

इथवर शाळेचंच गणित झालं. खरी गंमत पुढे आहे. १७ आणि ३१३ दोघांनाही ४ ने भागलं की बाकी १ उरते, आणि ३ चा घातांक सम आहे. त्यामुळे ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते, तीही दोन तऱ्हांनी: ३६०² + ५४९² आणि ३१५² + ५७६². कागदावर करून बघाच. लातूरकरांच्या ४१३५१२ ला हे जमत नाही, तिथे ११ आणि १२७ हे अवयव आडवे येतात: दोघांनाही ४ ने भागलं की बाकी ३ उरते, आणि त्यांचा घातांक विषम (१) आहे.