वडिलांची पद्मिनी पुन्हा चालती करा, पण कामाचा क्रम बदला

प्रश्न थोडक्यात असा. वाचक 46 वर्षांचे, रत्नागिरीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक. वडिलांची 1982 ची प्रीमियर पद्मिनी मोटार वडील गेल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. कोल्हापूरच्या एका गॅरेजने दुरुस्तीचे सगळं मिळून 4 लाख 50 हजार सांगितले: पत्राकाम 1 लाख 40 हजार, रंग 1 लाख 10 हजार, इंजिन-गिअरबॉक्स-ब्रेक 95 हजार, आणि सीट, रबरं, वायरिंग, क्रोम मिळून 1 लाख 5 हजार. हातात येणारा पगार 92 हजार. घराचा हप्ता 24 हजार, घरखर्च 40 हजार, एसआयपी 12 हजार. बँकेत 6 लाखांची एफडी, बचत खात्यात दीड लाख. मुलगी अकरावीत. एफडी मोडू की पर्सनल लोन काढू, हा त्यांचा प्रश्न. मित्र म्हणतात जुन्या गाड्यांना भाव आहे, शिवाय लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने दिली की खर्च वसूल. भाऊ म्हणतो भंगारात घाल. आईंना, वय वर्षं 76, एकदा त्या गाडीतून गणपतीपुळ्याला जायचंय.

नमस्कार. गाडी जरूर पुन्हा चालती करा. एफडी मात्र मोडू नका, कर्जही काढू नका आणि साडेचार लाखांचं काम एकदम कुणाच्या हाती देऊ नका.

आधी ‘गुंतवणूक’ हा मुद्दा निकालात काढू. साडेचार लाख वर्षाला 7 टक्क्यांनी ठेवले तर 10 वर्षांनी सुमारे 8 लाख 85 हजार होतात. गाडी नीट ठेवायची तर विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, किरकोळ पत्राकाम यांवर वर्षाकाठी 25 हजार तरी धरा. म्हणजे दहा वर्षांनी ती बारा लाखांच्या वर विकली गेली, तरच तुम्ही एफडीच्या बरोबरीला आलात. पद्मिनी तेवढी दुर्मीळ नाही. फियाट 1100 वरून घडवलेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने निघत राहिली ती थेट 2000 च्या आसपासपर्यंत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत तर ती ऑक्टोबर 2023 पर्यंत धावत होती. इतक्या मोठ्या संख्येने निघालेल्या गाडीला प्रेमाने पैसे मोजणारे भेटतात, पण दहा वर्षांनी अमुक भाव येईलच हे धरून मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्यात घालता येत नाहीत. स्वतःच्या वापरातली गाडी प्राप्तिकरात वैयक्तिक वस्तू धरली जाते. त्यामुळे विकून नफा झाला तर भांडवली नफ्यावरचा कर नाही, पण तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

भाड्याचा विचार तर डोक्यातूनच काढा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी पैसे घेऊन देणं नियमात बसत नाही, आणि त्या दिवशी अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. चार फोटोंच्या भाड्यासाठी ही जोखीम कुणी घ्यावी असं मला वाटत नाही.

केवळ पैशाचा हिशेब मांडला तर भावाचं म्हणणं खरं ठरतं, हे मी लपवणार नाही. पण पैसा अखेर घरातल्या माणसांसाठीच असतो. आईंची इच्छा हा या खर्चाला पुरेसा आधार आहे. फक्त ती हौस आहे हे मान्य करायचं आणि हौसेच्या पैशातूनच ती भागवायची. तुमच्याकडे तो पैसा आहे: सगळं जाऊन महिन्याला 16 हजार उरतात.

कर्ज का नको? साडेचार लाख 13 टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 12 हजार 70 आणि एकूण व्याज 1 लाख 29 हजारांच्या आसपास. म्हणजे व्याजातच तुमचा रंगाचा खर्च निघून वर काही उरलं असतं. शिवाय महिन्याला हातात चारच हजार राहतील, आणि नेमक्या त्याच काळात मुलीच्या प्रवेशाची फी येईल. एफडीही तिच्याचसाठी आहे, तिला हात लावायचा नाही. बचत खात्यातले दीड लाख म्हणजे घरखर्च आणि हप्ता मिळून जेमतेम सव्वादोन महिन्यांची सोय आहे. त्यामुळे उरणाऱ्या 16 हजारांतले 6 हजार दर महिन्याला तिकडे जाऊ द्या आणि 10 हजार गाडीचे. त्यासाठी वेगळं आवर्ती खातं उघडा, म्हणजे गाडी घरखर्चात घुसणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, महिन्याला 10 हजारांनी साडेचार लाख जमायला पावणेचार वर्षं लागतील, तोवर आई ऐंशीच्या होतील. खरं आहे. म्हणूनच मला कामाचा क्रम महत्त्वाचा वाटतो. तुमच्या कोटेशनमधली सगळी कामं सारखी घाईची नाहीत. सीटचं कापड, क्रोम, रंग ही कामं तीन वर्षं थांबली तरी तेवढ्याच पैशांत होतात, फार तर महागाईचा फरक. थांबल्याने खरोखर महाग होतं ते एकच: गंज.

रत्नागिरीच्या हवेत हे फार वेगाने होतं. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा पुरते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर बसलं की ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्या ओलाव्यातून गंजाची क्रिया कितीतरी पटींनी जोरात चालते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला आतून फुगे येतात. बाहेर रुपयाएवढा फुगा दिसला तर आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो. आणि पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पेट्या, चाकांच्या आतल्या कमानी हाच तिचा सांगाडा. त्या सडल्या तर वर कितीही चकचकीत रंग मारा, गाडी आईंना बसवण्याजोगी राहत नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी एका रविवारी हे करून बघा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या तळाशी, मडगार्डच्या कडांना, दाराखालच्या पेट्यांवर फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. आतली मॅट उचलून पायाखालचा पत्रा जुन्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, डिकीतल्या मॅटखाली आणि बॅटरीच्या बैठकीखालीही बघा, तिथे ॲसिडनेही पत्रा खाल्लेला असतो. शेवटी जॅक लावायची जागा. तिथे पत्रा दबत असेल तर जॅक न लावता थेट गॅरेजमध्येच न्या. सगळ्याचे फोटो काढून ठेवा, गॅरेजवाल्याशी बोलताना कामी येतील.

मग पावसाळा लागायच्या आत गंज थोपवायचं काम, त्याला 20 हजार बाजूला काढा. ताडपत्री आधी काढून टाका, तिच्याखाली जमिनीची वाफ कोंडून राहते. गाडी मातीच्या जमिनीवर असेल तर सिमेंटच्या कोब्यावर घ्या. तळ गोड्या पाण्याने खळखळून धुवा, बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते नको. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती माती-पाल्याने बुजलेली असणार, ती तारेने मोकळी करा. चार-पाच दिवस दारं-डिकी उघडी ठेवून कडक उन्हात वाळू द्या. नंतर पोकळ पेट्यांत लांब नळीच्या स्प्रेने गंजरोधक मेण मारून घ्या. यातली बरीचशी कामं तुम्ही आणि मुलगी मिळून घरी करू शकता. आच्छादन हवंच असेल तर हवा खेळेल असं कापडी.

एक चूक मात्र करू नका. ‘अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा जाड थर) मारून घ्या, विषय संपला’ असं सांगणारे खूप भेटतील. गंजलेल्या पत्र्यावर डांबरी अंडरकोटिंग मारलं की ओलावा आत कोंडतो आणि वरून काहीच दिसत नाही. पैसे देऊन गंज झाकण्याचा प्रकार आहे तो. क्रम असा हवा: सडलेला पत्रा कापून नवा पत्रा वेल्ड करणं, उरलेल्या पृष्ठभागावरचा गंज धातू दिसेपर्यंत काढणं, त्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि सगळ्यात शेवटी अंडरकोटिंग. साधा प्रायमर पाणी शोषतो, म्हणून इपॉक्सीचाच आग्रह धरा. तो उन्हात टिकत नाही, तेव्हा वर एक साधा हात रंगाचा मारायला सांगा.

गॅरेजकडे आता दोन गोष्टी वेगळ्या करून मागा. पत्राकामाच्या 1 लाख 40 हजारांत तळ, पेट्या, कमानी यांचे किती आणि बाहेरच्या पोच-कडांचे किती? आणि 95 हजारांत पूर्ण इंजिन बांधणी धरलीय का? आठ वर्षं उभं राहिलेलं इंजिन खराब झालेलंच असतं असं नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून दोन दिवस मुरू द्यावं आणि मग हाताने फिरवून बघावं, थेट स्टार्टर मारू नये. ते मोकळं फिरलं तर कार्ब्युरेटर, पेट्रोलपंप, टाकीची सफाई आणि नळ्या एवढ्यावर भागू शकतं. ब्रेकची सिलिंडरं आणि रबरं मात्र सगळी नवी घ्या, त्यात काटकसर नको. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं आणि ओलावा धरून टाकीही गंजवतं.

या मार्गाने आधी सांगाडा, मग ब्रेक आणि इंजिन असं गेलं, तर दीड-दोन वर्षांत गाडी सुरक्षितपणे रस्त्यावर येईल. गणपतीपुळ्याची फेरी तेव्हाच करा, रंगासाठी थांबू नका. आईंना त्या गाडीत बसायचंय, रंग थोडा मळका असला तरी त्यांना चालेल, याची मला खात्री वाटते. येताना तळ गोड्या पाण्याने धुवायचा तेवढा विसरू नका.

पत्राकामाला कोटेशनच्या वर 40 टक्के धरून चाला. रंग खरवडल्याशिवाय आतलं किती सडलंय हे कुणालाच सांगता येत नाही, चांगल्या गॅरेजवाल्यालाही नाही. म्हणून आगाऊ फक्त खरवडण्याचे पैसे द्या. उघडा पत्रा स्वतः जाऊन बघा, तिथेच नवा आकडा लिहून घ्या, आणि भोकावर लांबी भरणार नाही हेही त्याच कागदावर येऊ द्या. पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने, फोटो बघून.

पण या सगळ्याच्या आधी कागद. गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. ती मुदत केव्हाच उलटली, तरी काम होतं. आई आणि भावाची लेखी संमती मात्र लागेल. भाऊ आज भंगार म्हणतोय, पण चार लाख घातलेली गाडी उद्या तिघांची निघाली तर नात्यात कडवटपणा येईल. एक रुपयाही खर्च करण्याआधी ती सही घ्या. जुन्या आरसी पुस्तकावरची नोंद परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत चढली आहे का, तेही बघून घ्या. 20 वर्षांहून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाला ऑगस्ट 2025 च्या नियमाने 10 हजार रुपये पडतात. मुदत संपली असेल तर महिन्याला 500 रुपये विलंब शुल्काची तरतूद आहे, पर्यावरण कर आणि नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी वेगळी. तुमच्या गाडीला हे सगळं मिळून किती होतं, तो आकडा आरटीओतून आधी काढा आणि गाडीच्या खात्यात तेवढे पैसे सगळ्यात आधी बाजूला ठेवा. नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते, म्हणून ते गाडी चालती झाल्यावर. व्हिंटेज, म्हणजे खूप जुन्या गाड्यांसाठीच्या खास नोंदणीचा विचार आत्ता नको. तिला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, तुमची 2032 मध्ये होईल, आणि त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

विमा गाडी रस्त्यावर येण्याआधी घ्याच, आणि गाडी नावावर करतानाही तो लागतो का, हे आरटीओत विचारून घ्या. तृतीय पक्ष सक्तीचा आहेच. स्वतःच्या नुकसानीचा घेतलात तर एवढ्या जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, तेव्हा कामाची बिलं आणि फोटो जपून ठेवा.

मध्येच मुलीच्या फीसाठी पैसे कमी पडले तर गाडीचे 10 हजार निःसंकोच थांबवा. सांगाड्याचं काम झालेलं असेल तर वर्षभर थांबून बिघडत नाही. झालेलं नसेल तर पावसाळ्याआधी तळ धुऊन, वाळवून पुन्हा मेण मारा, आणि गाडी कोब्यावरच राहू द्या.