खाडीकाठच्या याचिकेत आधी पाण्याची वाट मांड

चि. वकील मित्रास,

अनेक आशीर्वाद.

कांदळवनावर चाललेल्या भरणीविरुद्ध तू तयार केलेला याचिकेचा मसुदा वाचला. त्यात संविधानाचा जीविताच्या हक्काचा अनुच्छेद २१ आहे, शासन हे निसर्गसंपत्तीचे जनतेसाठीचे विश्वस्त आहे असे सांगणारे सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आहे, निवाड्यांचे उतारे तर भरपूर आहेत. परंतु भरतीचे पाणी त्या जमिनीत कोठून शिरत होते आणि ते कधी अडवले गेले, याविषयी एक ओळही नाही.

इमारत उभारू पाहणारा सहसा कुऱ्हाड घेऊन येत नाही. तो बांध घालतो, नाहीतर खाडीच्या फाट्याच्या तोंडाशी राडारोड्याचे डंपर रिकामे करतो. पाणी तुटले की तिवरे उभ्या जागी वाळतात आणि पुढे प्रतिज्ञापत्रावर सांगितले जाते की येथे कांदळवन नव्हतेच. म्हणून बांध काढून पाणी मोकळे करावे आणि जागा पूर्ववत करावी, ही तुझी पहिली मागणी असू दे.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या पर्यावरण संस्थेच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेशाने राज्यभर कांदळवनाची तोड थांबवली आणि भोवतालच्या ५० मीटरांत बांधकामास मनाई केली. अंतिम निकाल आला १७ सप्टेंबर २०१८ रोजी. जमिनीची मालकी कोणाचीही असो, ही मनाई लागू राहील आणि नष्ट झालेले कांदळवन शासनाने पुन्हा उभे करावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा सातबाऱ्यावरील खासगी नावाला बिचकू नकोस. मधल्या तेरा वर्षांत जे वाचले त्याचे श्रेय मी त्या अंतरिम आदेशालाच देतो. तुझी निम्मी मेहनत असा अंतरिम आदेश मिळवण्यातच खर्च व्हावी.

बुलेट ट्रेनसाठी २०२२ मध्ये न्यायालयानेच तोडीला परवानगी दिली, हा दाखला समोरचे वकील देतीलच. ती परवानगी लोकहिताच्या प्रकल्पासाठी होती. विक्रीच्या सदनिका त्यात बसवताना त्यांना बरीच कसरत करावी लागेल.

पुराव्यात भरणीपूर्वीची आणि नंतरची, तारखा असलेली उपग्रहचित्रे हवीत. त्यांच्या जोडीला खाडीत जाळे टाकणाऱ्या एखाद्या जुन्या कोळ्याचे प्रतिज्ञापत्र घे. कोणत्या उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी आत येई, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही. येत्या अमावास्येच्या उधाणाला त्यालाच सोबत घेऊन जागेवर जा आणि पाणी बांधाशी येऊन थांबते, त्या वेळची छायाचित्रे काढून घे. ती जोडून दुरुस्त मसुदा पाठव.

तुझा शुभचिंतक