पट्टा इतक्यात धुऊ नकोस

अगं, तुमचा कुत्रा गेल्याचं कळलं. पहिले काही दिवस बेल वाजली की कान त्याच्या भुंकण्याकडेच लागतात. आमची राणी जाऊन चार वर्षं झाली, तरी तळजाई टेकडीच्या चढावर माझी डावी मूठ अजून साखळी धरल्यासारखी वळलेली असते.

त्याचा गळ्यातला पट्टा धुऊ नकोस, तसाच ठेव. वास बरेच दिवस राहतो, आतल्या बाजूला चार केसही अडकलेले सापडतील. मोबाइलमधले व्हिडिओ आवाजासकट दुसरीकडे उतरवून घे. फोटो सगळ्यांकडे असतात गं, पण पोळी लाटताना ओट्यापाशी चाललेलं ते कुईंकुईं पुन्हा कुठून आणणार?

त्याची राख थेट कुंडीत घातलीस तर रोप जळेल, ती फार खारट असते. भरपूर मातीत थोडीशीच मिसळ.

धाकट्याला 'गावाला गेला' असं सांगू नका, तो दारात वाट बघत बसेल.

आणि 'कुत्राच तर होता' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. साताऱ्याजवळ माहुलीला शाहू महाराजांच्या (शिवाजी महाराजांचे नातू) खंड्या कुत्र्याची समाधी आहे, एकदा जाऊन ये.

नव्या पिल्लाची घाई मात्र नको. आम्ही लगेच आणलं, आणि त्या बिचाऱ्याला दोन महिने राणीच्याच नावाने हाका मारत राहिलो.