झोजी लावरच्या स्टुअर्ट रणगाड्याचं धातूचं मॉडेल वडिलांना द्यायचं आहे. वाळूच्या रंगाचं एम३ घेऊ की हिरवं एम५ए१?

हिरवं घ्या. वाळूच्या रंगाचं फोटोत जास्त उठून दिसतं हे खरं, पण तो रणगाडा झोजी लावर, म्हणजे काश्मीरमधून लेहकडे जाणाऱ्या ज्या खिंडीत १९४८ मध्ये आपली फौज पाकिस्तानी फौजेशी लढली तिथे, गेलेला नाही.

तुम्ही लिहिलंय की वडिलांची पंचाहत्तरी आहे, ते फौजेतून निवृत्त झालेत, त्यांच्याकडून तुम्ही झोजी लाची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय आणि विकणारा दोन्ही मॉडेलं ‘भारतीय सेनेचा स्टुअर्ट’ म्हणून दाखवतोय. मी इंदूरला रामबागेत राहतो, गेली अठरा वर्षं असे छोटे रणगाडे जमवतोय. माझा पहिला स्टुअर्ट मी याच दोहोंत चुकून घेतला होता. पेटीवर तिरंगा छापलेला होता, मी पेटी बघितली आणि आतला रणगाडा बघितलाच नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टुअर्ट हा मुळात अमेरिकन हलका रणगाडा. नाव मात्र इंग्रजांनी दिलं, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका घोडदळाच्या सेनापतीवरून. एम३ चं उत्पादन १९४१ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो इंग्रजांच्या हाताखाली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढला. बाजारात वाळूच्या रंगाची इतकी मॉडेलं दिसतात ती या लढाईमुळे. एम३ मध्ये विमानाचं रेडियल इंजिन होतं. पुढे ती इंजिनं विमानांनाच कमी पडायला लागली, तेव्हा कॅडिलॅक मोटारीची दोन व्ही-८ इंजिनं शेजारी-शेजारी बसवून एम५ काढला. एम५ए१ हा त्याचाच सुधारलेला प्रकार. इंग्रजांनी दोन्हींना ‘स्टुअर्ट सहा’ म्हटलं. आपल्या ७ लाइट कॅव्हलरीने, म्हणजे फौजेच्या रणगाड्यांच्या रेजिमेंटने, झोजी लावर नेले ते हे.

आता मॉडेल हातात धरून मागून बघा. एम५ मध्ये दोन इंजिनं मावावीत म्हणून मागचा भाग पायरीसारखा वर उचललेला असतो. पुढून बघाल तर एम३ चं नाक टप्प्याटप्प्याचं, आणि एम५ ला वरपासून खालपर्यंत एकच तिरका पत्रा. एम३ए३ नावाचाही एक प्रकार आहे, त्याचं नाक एम५ सारखंच तिरकं, म्हणून तिथे फसायला होतं. पण त्याच्या दोन्ही बाजूही तिरक्या असतात. एम५ च्या बाजू भिंतीसारख्या उभ्या. एवढं पाहिलंत तरी पेटीवर काय छापलंय याला महत्त्व उरत नाही. आणखी एक, सगळ्यात मागचं मोठं चाक जमिनीला टेकलेलं हवं. ते अधांतरी असेल तर बनवणाऱ्याने घाई केलीय असं समजा.

आकाराचं म्हणाल तर १:४३ घ्या, म्हणजे खऱ्याच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाएवढं. खरा एम५ए१ पावणेपाच मीटरच्या थोडा वर, म्हणजे लांबीला आपल्या इनोव्हाएवढाच. १:४३ मध्ये तो सव्वाअकरा सेंटिमीटर भरतो, तळहातावर नीट मावतो आणि वजन जाणवतं. १:७२ मध्ये पावणेसात सेंटिमीटर. कपाटात रांग लावायला तो छान, पण पंचाहत्तरीच्या डोळ्यांना आणि बोटांना मोठाच बरा.

वजनावरून एक गोष्ट सांगतो, मला तिचं अजूनही नवल वाटतं. माझ्या १:७२ च्या मॉडेलचा पुढचा पत्रा कॅलिपरने मोजला तर दीड मिलिमीटर भरला. बाहत्तरने गुणा, १०८ मिलिमीटर होतात! जर्मन टायगरचं पुढचं चिलखत १०० चं होतं. खऱ्या एम५ए१ च्या नाकावरचं पोलाद जेमतेम २९ मिलिमीटर. म्हणजे हातातलं खेळणं जितकं भक्कम वाटतं तितका खरा रणगाडा भक्कम नव्हता. असल्या पातळ रणगाड्यात बसून माणसं साडेअकरा हजार फुटांवरच्या खिंडीत शिरली, हे मॉडेल हातात घेतल्यावर जास्त कळतं.

आमचे महूचे काका फौजेतले. त्यांनी माझं मॉडेल एकदा हातात घेतलं, टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता घुमट, हळूहळू फिरवत एका जागी आणलं आणि अलगद उचलून बाजूला ठेवलं. म्हणाले, “असे नेले होते बघ वरती.” ते खरंच आहे. वाटेतले पूल रणगाड्यांचं वजन पेलणारे नव्हते आणि शत्रूला सुगावाही लागू द्यायचा नव्हता, म्हणून टरेट उतरवून रणगाडे श्रीनगरमार्गे खिंडीच्या पायथ्याच्या बालतालकडे आणले. मद्रास सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या रस्ते-पूल बांधणाऱ्यांच्या, दोन कंपन्यांनी खेचरांच्या पायवाटेचा रस्ता केला. १ नोव्हेंबर १९४८ ला हल्ला झाला. जनरल थिमय्या पुढच्या रणगाड्यात होते. ७ कॅव्हलरीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांना या लढाईचं महावीर चक्र मिळालं. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल परत मिळालं आणि लेहची वाट मोकळी झाली.

राहता राहिली निगा. ही मॉडेलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्याला झमॅक म्हणतात. ओततानाच त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, चिरतो, भुगा होतो. दमट हवेत लवकर. यावर इलाज नाही. माझं एक जुनं मॉडेल असंच गेलं. आधी टरेटच्या कडेला केसाएवढी चीर दिसली, मला वाटलं रंग तडकला. पुढच्या पावसाळ्यानंतर नख लावलं तर तुकडा हातात आला. म्हणून जुनं मॉडेल घेणार असाल तर रंगाखाली फुगवटे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आहेत का हे उन्हात धरून बघाच. नवीन असेल तर पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि बंद लाकडी पेटीत ठेवू नका, लाकडातून सुटणारी आंबट वाफ जस्ताला खाते. चाकांवरचे पट्टे मऊ रबरासारख्या प्लास्टिकचे असतील तर मॉडेल प्लास्टिकच्या स्टँडवर वर्षानुवर्षं ठेवू नका, ते चिकटतात आणि स्टँड वितळल्यासारखा होतो. मध्ये कागद घाला. रंग उडाला तर उडू द्या, वरून हात देऊ नका.

घेण्याआधी विकणाऱ्याकडून मागचा आणि बाजूचा फोटो मागा, आणि टरेट निघतं का ते विचारा. बहुतेक मॉडेलांत आतल्या दोन खुंट्या खाचेशी जुळल्या की ते वर येतं, पण ओढू नका, फिरवतच जा. वडिलांना देताना टरेट वेगळं काढून द्या. ते त्यांनाच बसवू दे.